मेनोर्काच्या वाटेवर गाइड नसतो, निदान माहिती तरी नीट द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्पेनच्या मेनोर्का बेटावर आपलं आपण पायी फिरायच्या सुट्टीबद्दल लेख आला होता. आमच्या घरात तो सगळ्यांनी वाचला, कारण आम्ही तिथे चालून आलोय, आणि ज्या मैत्रिणींना मी वर्षभर तिथलं सांगून पिडलंय त्यांनी तो लगेच मला फॉरवर्डही केला. फोटो छानच आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण लेखाचा एकूण सूर असा की गाइड नाही, ग्रुप नाही, टाइमटेबल नाही, सॅक पाठीला लावा आणि मन मानेल तसं निघा, जुलै-ऑगस्टमध्ये जा कारण समुद्र तेव्हा सगळ्यात निळा असतो, आणि हो, हे तरुणांचंच काम आहे. हे वाचून कोणी खरंच तिकीट काढलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एखाद्या दीपगृहाखाली रिकामी बाटली घेऊन बसायची वेळ येईल, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय. कापायचंच असेल तर खाण्यापिण्याचं कापा, रस्त्याचं कापू नका.

पहिली गोष्ट, सेल्फ-गाइडेड म्हणजे बिनप्लॅनिंग नव्हे. या प्रकारच्या सुट्ट्या विकणाऱ्या कंपन्या असतात, त्या तुमची हॉटेलं ठरवतात, मोठी बॅग रोज सकाळी एका हॉटेलातून उचलून पुढच्या हॉटेलात पोचवतात, वाटेचं वर्णन आणि मोबाइलवर टाकायला जीपीएस ट्रॅक देतात, अडचणीला एक फोन नंबर देतात, आणि मग तुम्हाला सोडून देतात. तुम्ही फक्त पाण्याची बाटली, टोपी, खाऊ एवढं घेऊन चालायचं. हे सगळं स्वतः जमवलं तरी चालतं, आम्ही निम्मं स्वतः जमवलं होतं. पण कोणीही जमवलं तरी ते आधीच जमवायला लागतं. ग्रुप टूरमध्ये किती वाजता निघायचं, पाणी कुठे मिळेल, शेवटची बस कधी, हे गाइडच्या डोक्यात असतं, इथे ते तुमच्या डोक्यात असायला लागतं एवढाच फरक. तुमच्या लेखात नेमकं हेच सगळं गाळलंय आणि सूर्यास्त तेवढे ठेवलेत.

आता वाट. तिचं नाव कामी दे कावाल्स, घोड्यांची वाट. बेटाला पूर्ण फेरी मारते, १८५ किलोमीटर, अधिकृत २० टप्पे, युरोपातल्या लांब पल्ल्याच्या वाटांमध्ये तिचा नंबर जीआर २२३, त्यामुळे लाल-पांढऱ्या पट्ट्या आणि लाकडी खांब जागोजागी आहेत आणि चुकणं तसं अवघड आहे. सगळ्यात लांब टप्पा साडेतेरा किलोमीटरच्या आसपास, सगळ्यात छोटा साडेपाचच्या. बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर मोंते तोरो, तोही फक्त ३५८ मीटर आणि तो या वाटेवर येतच नाही. माझी नणंद साठीच्या पुढची आहे, गुडघ्याला पट्टा लावून चालली आणि रोज संध्याकाळी आमच्या सगळ्यांपेक्षा फ्रेश असायची. तेव्हा तरुणांचंच काम वगैरे लिहून उगाच लोकांना घाबरवू नका.

पण २० टप्पे म्हणजे २० गावं असा हिशोब केलात तर फसाल. फावारिच या टप्प्याच्या शेवटी काय आहे तर एक दीपगृह आणि काळा खडक. एल्स आलोक्सला एक छोटी खाडी, बस. पुंता नातीला पुन्हा दीपगृह. तिथे राहायला काही नाही, खायला काही नाही, आणि तंबू ठोकू म्हणाल तर बेटावर कुठेही उघड्यावर तंबू लावायला बंदी आहे. म्हणजे एकतर दोन टप्पे एका दिवसात जोडा, नाहीतर टॅक्सी आधी ठरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिथेच परत येऊन सोडलेल्या जागेपासून चालायला लागा. टॅक्सी ‘पोचल्यावर बघू’ म्हणून सोडायची नाही. आमच्या मागून येणारं एक जोडपं असंच बघू म्हणून आलं होतं, ती दोघं आमच्याच गाडीत दाटीवाटीनं बसून परत आली.

बसची गंमत तर वेगळीच. माओ आणि सिउतादेया ही बेटाची दोन टोकं (माओला स्पॅनिशमध्ये माओन म्हणतात, दोन्ही पाट्या दिसतील, गोंधळू नका), त्यांना जोडणारा मुख्य रस्ता बेटाच्या मधून जातो, आलायोर, एस मेर्कादाल, फेरेरिएस ही गावं लागतात आणि या रस्त्यावर बस बाराही महिने आहे. पण बीचकडे जाणाऱ्या बऱ्याचशा बस फक्त उन्हाळ्याच्या सीझनपुरत्या. म्हणजे एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबर, जेव्हा चालायला खरी मजा असते, तेव्हाच किनाऱ्याची बस सापडेल याची खात्री नसते, आणि बस धावत असतात तेव्हा उन्हाने चालवत नाही. यावर माझ्या मते सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रोज हॉटेल बदलायचा हट्ट सोडायचा, अर्धे दिवस माओत आणि अर्धे सिउतादेयात मुक्काम करायचा, सकाळी टॅक्सीने किंवा बसने टप्प्याच्या एका टोकाला आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाहून परत. कंपनीवाले हॉटेल-टू-हॉटेलच विकतात कारण ते ऐकायला भारी वाटतं. आम्ही ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांनी दिलेल्या वर्णनात एका ठिकाणची सीझनची बस बिनदिक्कत लिहिली होती, आम्ही गेलो तेव्हा ती सुरूच झालेली नव्हती, हायवेपर्यंत तंगडतोड करायला लागली. तेव्हा बसचं टाइमटेबल त्या-त्या महिन्याचं स्वतः बघा.

जुलै-ऑगस्टचं तर बोलूच नका. पुंता नातीपासून सिउतादेयापर्यंत साडेदहा किलोमीटर आहेत आणि झाड नावाची गोष्ट जवळपास नाही. दोन्हीकडे रचलेल्या दगडांच्या भिंती, पायाखाली दगड, मधेच दगडांचेच पायऱ्यापायऱ्यांचे गोल बुटके मनोरे, लांबून एखाद्या जुन्या राजाची कबर वाटावी असे, प्रत्यक्षात ते मेंढरांना वारा-पावसात आत घालायचे गोठे आहेत. बघायला अप्रतिम जागा आहे, पण ऑगस्टच्या दुपारी नाही. वाटेवर पिण्याचं पाणी जवळपास नाहीच असं धरून चालायचं, माणशी निदान दोन लिटर बरोबर हवं. दुकानं दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी उघडतात, म्हणून पाणी आणि ब्रेड आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा. आणि उन्हाइतकाच वाऱ्याचा विचार करा, उत्तरेकडून येणारा ट्रामुंताना सुटला की छत्री सोडाच, टोपीही राहत नाही. उत्तर किनाऱ्यावरची रानटी ऑलिव्हची झाडं सगळी एकाच बाजूला वाकलेली दिसतात ती याच वाऱ्याने. जूनमध्ये जाणार असाल तर २३ आणि २४ तारखेला सिउतादेयात सांत जोआनचा उत्सव असतो, काळे घोडे गर्दीत मागच्या पायांवर उभे करतात, बघण्यासारखं असतं म्हणे, पण त्या आठवड्यात खोली मिळायची आशा ठेवू नका.

सगळ्यात जास्त राग मला कशाचा आला सांगते. लेखात ही वाट म्हणजे ‘लपलेल्या बीचना जोडणारी पाऊलवाट’ असं लिहिलंय. अहो, ती बीचसाठी कोणी केलेली नाही! ती पहाऱ्याची वाट आहे. समुद्रातून कोण येतंय ते बघत घोडेस्वारांनी किनाऱ्याने फिरायचं आणि गलबतं दिसली की खबर द्यायची, यासाठी ती होती आणि तिचा उगम मध्ययुगापर्यंत मागे नेतात. पहारा उगाच नव्हता. १५३५ मध्ये ऑटोमन तुर्कांचा आरमारप्रमुख बार्बारोसा याने माओ लुटलं. १५५८ मध्ये ऑटोमन आरमाराने सिउतादेयाला वेढा घातला, शहर जाळलं आणि बेटावरची तीन हजारांच्या वर माणसं पकडून इस्तंबूलला नेली. सिउतादेयाच्या मोठ्या चौकात त्या वर्षाची आठवण म्हणून उंच दगडी स्तंभ आहे, टुरिस्ट त्याच्या पायरीवर बसून आइस्क्रीम खातात, आम्हीही खाल्लं, आणि दर वर्षी ९ जुलैला गाव ती आठवण काढतं. हे वाचून मग किनाऱ्याने चाललात की प्रत्येक टोकावरून तुम्ही आपोआप क्षितिजाकडे बघायला लागता.

त्यानंतरचं अठरावं शतक म्हणजे नुसती पळवापळवी. १७०८ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने ते त्यांच्याकडे राहिलं, १७५६ मध्ये फ्रेंचांनी हिसकावलं (ते वाचवू शकला नाही म्हणून अ‍ॅडमिरल बिंग याला इंग्रजांनी स्वतःच पुढच्या वर्षी गोळ्या घातल्या), १७६३ मध्ये परत इंग्रज, १७८२ मध्ये स्पॅनिश, १७९८ मध्ये तिसऱ्यांदा इंग्रज आणि १८०२ मध्ये एकदाचं स्पेनकडे कायमचं. सगळ्यांचा डोळा माओच्या बंदरावर, पाच किलोमीटरहून लांब आत घुसलेलं, अख्खं आरमार वाऱ्यापासून सुरक्षित उभं राहील असं. इंग्रजांनी राजधानी सिउतादेयाहून माओला आणली, रिचर्ड केन नावाच्या त्यांच्या गव्हर्नरने बेटाच्या मधून रस्ता बांधला, त्याचा काही भाग आजही केनच्या नावानेच आहे आणि चालायला सुरेख आहे. फोर्नेल्सच्या खाडीच्या तोंडाशी जो गोल जाडजूड बुरूज आहे तो इंग्रजांनी १८०० च्या सुमारास बांधलेला. शेवटच्या टप्प्यांमध्ये काला सांत एस्तेवेला मार्लबरो किल्ला खडकात खोदलेल्या भुयारांसकट बघायला मिळतो, पलीकडे सांत फेलिप किल्ल्याचे अवशेष. आणि मधेमधे किनाऱ्यावर सिमेंटचे बसके बंकर लागतात, तोंड समुद्राकडे, ते १९३६ नंतरच्या स्पॅनिश यादवी युद्धातले. फेब्रुवारी १९३९ पर्यंत हे बेट फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या रिपब्लिक सरकारच्या बाजूने टिकून होतं. आमच्या पुढे चालणाऱ्या एका पोरीने तसल्याच एका बंकरमध्ये ओला टॉवेल वाळत घातला होता, असो.

मग पहाऱ्याची गरज संपली, किनाऱ्यालगतच्या जमिनी मोठमोठ्या शेतमालकांच्या, त्यांनी फाटकं बंद केली, वाट जागोजागी तुटली. लोकांनी ती परत मागितली, बंद फाटकांवरून चालत जाऊन मागितली, आणि २००० साली बेलिआरिक बेटांच्या (मेनोर्का त्यातलंच एक) पार्लमेंटने कायदा करून या वाटेवरून जाण्यायेण्याचा सार्वजनिक हक्क मान्य केला. दुरुस्त्या, खुणा, करारमदार होऊन पूर्ण फेरी खुली झाली २०१० मध्ये. म्हणजे जी वाट तुमचा लेख निसर्गाने आपोआप दिल्यासारखी दाखवतो ती भांडून मिळवलेली आहे आणि तिचा मोठा भाग अजूनही कोणाच्या तरी शेतातून जातो.

यासाठीच फाटकांबद्दल एक ओळ तरी हवी होती. या फाटकांना बारेरा म्हणतात, रानटी ऑलिव्हच्या वाकड्या फांद्या जशा वाकड्या आहेत तशाच वापरून केलेली, त्यामुळे एकही दुसऱ्यासारखं नाही, खालचा दांडा जाड, वरचे बारीक, कडी काही ठिकाणी लोखंडी आकड्याची, काही ठिकाणी नुसता दोरीचा फास. ती करणारे सुतार आजही बेटावर आहेत. दिवसात पंधरा-वीस तरी उघडायला लागतात आणि प्रत्येक मागे बंद करायला लागतं, आत गुरं असतात. आल्गायारेन्सच्या अलीकडे आमच्या पुढच्या घोळक्याने फोटोसाठी एक फाटक सताड उघडं टाकलं होतं, शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरला, फाटक लावलं, मग कुंपणापाशी उभं राहून एक-एक गाय बोटाने मोजली आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. आम्ही काही केलं नव्हतं तरी तोंड चुकवावंसं वाटलं. जिथे फाटक नाही तिथे भिंतीतूनच बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या असतात, त्यावरून चढून पलीकडे उतरायचं, दगड ढकलून शॉर्टकट करायचा नाही. या बिनचुन्याच्या भिंती रचायची कला युनेस्कोच्या यादीत आहे २०१८ पासून, एक दगड निसटला की शेजारचे चार निसटतात.

लेखात उत्तर किनारा जवळजवळ नाहीच. सगळं माकारेया आणि तुर्केता हे दक्षिणेचे बीच. दक्षिणेला पांढरा चुनखडक, त्यात पाण्याने कापलेल्या घळी, पाइनची सावली, फिरोजी पाणी, सुंदर आहे, कोण नाही म्हणतंय, पण तिथे गर्दीही तेवढीच आणि उन्हाळ्यात माकारेयाला स्वतःची गाडी नेता येत नाही, बसच पकडावी लागते. उत्तरेला खडक कितीतरी जुना, कुठे काळा, कुठे विटेसारखा लाल, वाळूसुद्धा लालसर, माणसं कमी आणि चढउतार जास्त. बिनिमेल्ला ते एल्स आलोक्स हा जेमतेम नऊ किलोमीटरचा टप्पा, कागदावर किरकोळ, पायाला सगळ्यात जड, खाडीत उतरायचं आणि लगेच वर चढायचं, परत उतरायचं, परत चढायचं. तो सकाळी लवकर आणि एकटाच ठेवा, त्याला दुसरा टप्पा जोडू नका.

बेटावरचे इसवी सनापूर्वीचे दगडी मनोरे, टी आकाराच्या उभ्या शिळा, होडीसारखी दफनघरं, ही तालायोतिक संस्कृती, २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. लेखात म्हटलंय की ‘वाटेत सहज दिसतात’. सहज नाही दिसत! बरीचशी आतल्या भागात शेतांमध्ये आहेत, नावेता देस तुदोन्स तर मुख्य रस्त्याला लागून, सिउतादेयाजवळ. त्यासाठी एक दिवस पायांना सुट्टी द्या आणि गाडी घ्या. वाटेवर जे खरंच लागतं ते म्हणजे काला मोरेयला आणि कालेस्कोवेसला खडकात खोदलेल्या मृतांच्या गुहा, कालेस्कोवेसला तर जवळजवळ शंभर, उभ्या कड्यात काळी चौकोनी तोंडं, खाली हिरवं पाणी आणि त्यात पोहणारी पोरं. आणि सोन बोउच्या बीचच्या टोकाला पाचव्या शतकाच्या आसपासच्या ख्रिस्ती बॅसिलिकाचा पाया, मागे दोन हॉटेलांचे टोलेजंग ठोकळे. ती हॉटेलं कोणी पास केली देव जाणे.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाला राहण्याची बुकिंग आणि दिवसवार कार्यक्रम दाखवायला लागतो, प्रवासी विमा निदान ३०,००० युरोचा, तेव्हा ‘मन मानेल तसं’ हे इथेच संपतं. विम्यात ट्रेकिंगचा अपवाद टाकलाय का ते वाचा. बेटावर रोज रात्रीचा माणशी टुरिस्ट टॅक्स हॉटेलात वेगळा द्यावा लागतो, सीझनमध्ये साधारण एक ते चार युरो, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे. इमर्जन्सी नंबर ११२.

आणि खाणं, हे कापलंत तरी चालेल. लेखात शाकाहारी लोकांना नाश्त्याला एन्साइमादा खा म्हटलंय. तो गुंडाळीसारखा गोड पाव पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत करतात. सोब्रासादा हा लाल लगदा टोमॅटोचा नाही, डुकराच्या मांसाचा. शाकाहारी माणसाने ओलियाइगुआ मागावं, टोमॅटो-कांदा-सिमला मिरचीचं पातळ सूप, पातळ कापलेल्या पावाबरोबर आणि उन्हाळ्यात अंजिरांबरोबर, नाहीतर टोमॅटो चोळलेला पाव आणि वर ऑलिव्ह तेल. दुपारच्या वाटेवर हाच पाव आणि माओचं चीज फडक्यात बांधून नेलं की काम होतं.

एक विनंती. पुढच्या पुरवणीत एक चौकट द्या, त्यात २० टप्पे, प्रत्येकाचं अंतर, शेवटी राहायची सोय आहे की नाही आणि बाराही महिने बस आहे की नाही, एवढंच. लेखकाला जागा नसेल तर सूर्यास्ताचा एक फोटो कमी करा.

ता.क. पान ३ वरच्या मोठ्या फोटोखाली कावायेरिया दीपगृह असं छापलंय, ते चूक आहे. काळा गोल-गोल फिरत जाणारा पट्टा असलेलं दीपगृह फावारिचचं. कावायेरियाचं १८५७ मधलं, पांढरं आहे आणि उंच कड्यावर आहे. दोन्ही एकाच किनाऱ्यावर असली तरी वाटेने गेलं तर मधे दोन टप्प्यांहून जास्त अंतर पडतं, त्यामुळे कोणी फोटो बघून टॅक्सी सांगायच्या आत दुरुस्ती छापा.

आपली,
एक नियमित वाचक